सेतुबालचे बांगडे

लिस्बनमध्ये भाड्यानं घर घ्यायचं तर घरमालक बहुधा ‘फियादोर’ मागतो. फियादोर म्हणजे जामीन राहणारा माणूस. भाडेकरूनं भाडं थकवलं तर ते भरण्याची लेखी हमी त्यानं द्यायची. नुकत्याच आलेल्या परक्या बाईसाठी अशी सही कोण करणार? माझ्यासाठी ती केली ऑफिसातल्या केप व्हर्दच्या मैत्रिणीनं, तेही ओळख जेमतेम महिन्याभराची असताना. खालच्या मजल्यावरच्या आजी माझी सरकारी पत्रं समजावून द्यायच्या, आरोग्य केंद्रात नाव नोंदवायला त्याच सोबत आल्या. शिवाय एक काका. जन्म मडगावचा, तरुणपण मोझांबिकमध्ये गेलेलं. 1975 साली तो देश स्वतंत्र झाल्यावर तिथले कितीतरी गोंयकार आणि गुजराती लिस्बनला आले, त्यांतलेच हे. रविवारी त्यांचा फोन यायचा: “जेवलें गो?”

यंदा भाडेकरार माझ्या एकटीच्या नावावर झाला. तेव्हा या तिघांचे आभार मानायचं ठरवलं, पण त्यांना हॉटेलात नेणं मनाला पटेना. मी वेंगुर्ल्याची, आभार मानायचे तर माझ्या चुलीवरचं बांगड्यांचं तिखलंच वाढायला हवं.

मासे लिस्बनमध्येही चांगले मिळतात. तरी शनिवारी सकाळी मी सेतुबालची गाडी धरली, कारण मासळीबाजार मला बंदराच्या गावातलाच लागतो. गाडी तेजो नदी ओलांडते ती 25 एप्रिल पुलावरून. 1966 साली तो खुला झाला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. 1974च्या क्रांतीनंतर क्रांतीच्या तारखेचं मिळालं. वर मोटारी आणि खाली रेल्वे. हा खालचा मार्ग 1999मध्ये सुरू झाला. पलीकडच्या काठावर हात पसरलेला येशूचा प्रचंड पुतळा दिसतो, मग उपनगरं, आणि तासाभरात सेतुबाल.

तिथला लिव्रामेंतो बाजार पाहून मी दारातच थांबले. आजची इमारत 1930ची. मागची भिंतच्या भिंत निळ्या-पांढऱ्या अझुलेजू फरश्यांची, त्यांवर जाळी ओढणारे कोळी आणि शेतात राबणारी माणसं चितारलेली. गाळ्यांमध्ये विक्रेत्यांचे माणसाहून मोठे पुतळे. खाली बर्फावर सार्डिन, काळ्या शाईत माखलेले माकूल, चांदीच्या पट्ट्यांसारखे लांबलचक मासे. आणि कावाला! आपल्या बांगड्याच्याच कुळातला, पाठीवर निळसर नक्षी असलेला. मी कल्ले उचलून पाहिले तशी कोळीण खुशीत हसली. माशाची पारख करणारं गिऱ्हाईक कुठल्याही बंदरावर आवडतं. भाजायचे की शिजवायचे, एवढं विचारून तिनं सराईत हातानं मासे साफ करून दिले. वर मूठभर बर्फ.

परतताना आरेएरूला उतरून मेट्रोच्या हिरव्या मार्गानं मार्तिम मोनिझ गाठलं. या चौकाच्या आसपास बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी, गुजराती अशी दुकानं एकमेकांना खेटून आहेत. नारळ, हिरव्या मिरच्या, उकडा तांदूळ तिथेच घेतला. कोथिंबीर मात्र कोपऱ्यावरच्या पोर्तुगीज भाजीवालीकडची, कारण ती त्यांच्याही रोजच्या स्वयंपाकातली. तिरफळं आणि आगळ आईनं पाठवलेलं होतंच. मग पिवळ्या 28 नंबरच्या ट्रामनं चढ चढून ग्रासाला, घरी.

मसाला वाटताना मिरची कमी करावी का, हा विचार आला. नाही केली. ज्यांनी मला आहे तशी घरात घेतली त्यांच्यापुढे फिकं जेवण ठेवणं मला उणं वाटतं. आजींसाठी थोडे तुकडे नुसत्या हळद-मिठात घोळवून, रव्यात तळले. बाकी तिखलं, भात, सोलकढी, नारळाच्या वड्या.

आठनंतर एकेक जण आला. आजींनी दालचिनीच्या पुडीची नक्षी काढलेली तांदळाची खीर आणली. काकांनी दारातच हवा हुंगली, “तेफळां!” म्हणाले, आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन भांड्यावरचं झाकण उचललं. जेवताना त्यांनी आईच्या हातच्या बांगड्यांविषयी सांगितलं, अर्धं कोकणीत, अर्धं पोर्तुगीजमध्ये. मैत्रिणीनं सोलकढीचा तिसरा पेला मागितला. आजींनी रव्याचे तुकडे बाजूला सारून तिखलंच घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं तरी पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. आभाराचं भाषण मी मनात जुळवलं होतं, पण मी बोलायला लागताच मैत्रिणीनं माझ्या ताटात भात वाढला आणि मला बसवलं. मध्यरात्र उलटून गेली तरी कुणी उठेना.

लिस्बनला कधी राहिलात तर सेतुबालला जरूर जा. सोमवारी बाजार बंद असतो. बाकी दिवशी सकाळी लवकर पोहोचा, बर्फाला जाड पिशवी न्या. आणि अडीनडीला ज्यांनी हात दिला त्यांना हॉटेलात नेऊ नका, घरी बोलवा.