फीइतकीच जबाबदारी

चेकपेक्षा त्याच्यासोबत आलेल्या कागदाचा मला अजून संताप येतो. चेक होम इन्स्पेक्शनच्या फीइतकाच होता. कागदावर लिहिलं होतं की हे पैसे स्वीकारल्यावर घराबाबत आमची इन्स्पेक्टरविरुद्ध कोणतीही तक्रार उरणार नाही. सही करून परत पाठवायला पत्ता छापलेलं पाकीटही होतं.

आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो. घर जुनं, पण शाळा चांगली आणि ट्रेन जवळ. इथल्या मराठी माणसाला यापुढे काही सांगायला नको. वकील, कर्ज, इन्स्पेक्शन, क्लोजिंग सगळं रीतसर झालं. पहिल्याच हिवाळ्यात बर्फ वितळायला लागला आणि मुलीच्या खोलीच्या सीलिंगवर ओल उतरली. रूफर ॲटिकमध्ये चढला आणि त्याने आम्हालाही वर बोलावलं. शिंगल्सखालचं प्लायवुड काळं पडलं होतं, बोटाने दाबलं की भुगा निघत होता. हे एका हिवाळ्याचं काम नाही, असं तो म्हणाला.

रात्री अहवाल पुन्हा उघडला. ॲटिकच्या पानावर इन्स्पेक्टरने स्वतः काढलेला फोटो होता आणि त्यात चिमणीशेजारी तोच काळा डाग होता. फोटो मोठा करून बघायचीही गरज नव्हती. खाली शेरा होता, ‘समाधानकारक’. भिंत फोडून आत बघणं इन्स्पेक्टरचं काम नाही, निसरड्या छपरावर त्याने चढावं असंही कोणी म्हणत नाही. डोळ्यांना दिसतं ते नीट बघायचं आणि सांगायचं, एवढंच त्याचं काम. इथे तर त्याने बघितलं होतं, फोटो काढला होता, तो आम्हाला विकलाही होता. ती पानं मी नवऱ्याला इतक्यांदा दाखवली की शेवटी त्याने लॅपटॉप मिटून ठेवला.

कंपनीचं उत्तर एकच होतं: करारात कलम आहे, आमची जबाबदारी फीपुरतीच. हा करार इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी, माणूस शिडी घेऊन दारात उभा असताना हातात आला होता. घर घेण्याच्या मुदती धावत असतात. त्या क्षणी सही नाकारायची आणि दुसरा इन्स्पेक्टर कुठून आणायचा? इथल्या मराठी मंडळातले एक काका म्हणाले, “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. चेक घे आणि विसर.”

वकीलबाईंनी मात्र न्यू जर्सीचाच २००४ चा एक निकाल काढला, लुसिअर विरुद्ध विल्यम्स. त्यातल्या घरमालक जोडप्याचं छपरही गळत होतं, दुरुस्ती आठ ते दहा हजार डॉलरची. फी ३८५ डॉलर, आणि कराराप्रमाणे जबाबदारी तिच्या निम्मी, म्हणजे १९२.५०! अपील कोर्टाने ते कलम अन्याय्य आणि सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवून रद्द केलं. शिवाय या राज्यात इन्स्पेक्टरला परवाना लागतो आणि चुकांसाठी किमान पाच लाख डॉलरचा विमा ठेवावा लागतो. मग तो विमा कशासाठी, फी परत करायला?

निकालाचा उल्लेख असलेलं पत्र गेलं आणि विमा कंपनीचा माणूस आला. सोबत इन्स्पेक्टरही होता. वयस्कर, थकलेला. ॲटिकमध्ये तो बराच वेळ उभा राहिला, खाली येऊन म्हणाला, “हे मी लिहायला हवं होतं.” इतके दिवस मनात रचलेलं भाषण मला करवलं नाही. दुरुस्तीचा बहुतेक खर्च मिळाला. त्या माणसावर आता राग नाही, असं मी म्हणते, आणि कागद पाठवणाऱ्या त्याच्या ऑफिसची आठवण झाली की पुन्हा चिडते.

कोणी विचारलं तर सांगते की रिअल्टरने सुचवलेला इन्स्पेक्टर घेऊ नका. सौदा व्हावा यात रिअल्टरचं कमिशन आहे आणि पुढची कामं त्याच्याकडूनच यायची असतील, तर इन्स्पेक्टरची लेखणी मऊ होणारच. दोष सापडला तर दुरुस्तीआधी फोटो काढा, लेखी कळवा, त्यांना येऊन बघू द्या. परतफेडीच्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियात, माझी मैत्रीण राहते. तिच्या तळघराची भिंत सरकलेली निघाली. तिथे इन्स्पेक्टरवर दावा करायची मुदत अहवाल हातात आल्यापासून एक वर्ष, दोष कधी का दिसेना. तिला तो दुसऱ्या पावसाळ्यात दिसला. मी तिला माझ्या वकीलबाईंचा नंबर दिला होता; त्यांनी तारीख विचारली आणि तिथेच बोलणं संपलं.