बंदीचे दिवस



१ मार्चला हिमाचल प्रदेशात ट्राउट माशांवरची बंदी उठते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे त्यांचे अंडी घालण्याचे दिवस, म्हणून बियास, तीर्थन अशा थंड नद्यांत तेव्हा गळ टाकायचा नाही, असा तिथला नियम आहे. हौशी लोक या चार महिन्यांत घरी बसून गळाला पिसे आणि रंगीत दोरा गुंडाळतात व खोटी माशी तयार करतात. मग डोळे लागतात ते डोंगरावरच्या बर्फाकडे. तो हळूहळू वितळला तर नदीला धार येते. एकदम वितळला तर पाणी फुगते, गढूळ होते आणि माशाला ती माशी दिसतच नाही.

आमच्याकडे मोहनखेड्याच्या परिसरात सगळे उलटे. आमची मही नदी याच सरदारपूर तालुक्यात उगम पावते, पण तिच्यामागे बर्फाचा डोंगर नाही. हिमालयात पाणी वाढू लागते तेव्हा इथे खडक उघडे पडू लागतात. आमची बंदीही वेगळी, १६ जून ते १५ ऑगस्ट, कारण इकडचे मासे पावसाच्या नव्या पाण्यात अंडी घालतात.

उपवासकाळातल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे सांगितले, तेव्हा एका मुलाने विचारले, "दीदी, बंदीत मासे धरणारे काय करतात?" मी म्हटले, "जाळी दुरुस्त करतात." तो म्हणाला, "आणि मासे?" प्रश्न साधा होता, पण मला तो पुरला. बंदी ही धरणाऱ्याला शिक्षा नसते. ज्या काळात आपल्या हाताला काहीच लागत नाही, त्याच काळात पाण्याखाली पुढच्या वर्षाचे मासे जन्माला येत असतात. उपवासकाळही असाच आहे.

हे मी स्वतःलाही सांगते. होळी झाली की आमच्या वर्गातली कितीतरी मुले आईवडिलांबरोबर मजुरीसाठी गुजरातेत जातात. बाके रिकामी होतात. प्रार्थना अर्धवट पाठ झालेली असते, दृढीकरणाची तयारी थांबते. कोण परत येईल, कोण तिकडेच राहील, हे आईबापांनाही ठाऊक नसते. अशा रविवारी चारच मुलांसमोर उभे राहताना मन खचते.

तेव्हा मला हर्मोन पर्वत आठवतो. २,८१४ मीटर उंचीच्या या पर्वतावर हिवाळ्यात बर्फ पडतो. वितळलेले बरेचसे पाणी लगेच दिसत नाही, ते डोंगराच्या पोटात मुरते. मग पायथ्याशी, फिलिप्पाच्या कैसरियाजवळ, खडकातून झरे फुटतात. त्यांची यार्देन नदी होते आणि ती गालील समुद्राला मिळते. पेत्राने ज्या पाण्यात जाळे टाकले, त्यात हा बर्फ होता. पेत्राने तो आणला नव्हता. त्याच्या हाती होती फक्त होडी आणि जाळे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय या दिवसांत जरूर वाचा. रात्रभर जाळे रिकामे, पहाटे १५३ मासे. पण त्याआधीची एक गोष्ट आपण विसरतो. शिष्य किनाऱ्यावर उतरले, तेव्हा प्रभूच्या निखाऱ्यांवर मासा आधीच भाजत होता. त्यांचे मासे अजून जाळ्यातच होते.

म्हणून येत्या रविवारीही मी वर्ग उघडणार आहे. गेलेल्या मुलांच्या वह्या कपाटात नावानिशी ठेवल्या आहेत. तुमच्याही धर्मग्रामात कुणाची जागा रिकामी असेल, तर ती तशीच राखून ठेवा आणि त्या घरी एक फोन करा.

प्रार्थना : हे प्रभो, आमचे हात रिकामे असतात तेव्हाही तुझे काम थांबत नाही, हा विश्वास आम्हाला दे. दूर गेलेल्या लेकरांना सांभाळ, आणि ती परततील तेव्हा आमची जाळी तयार असू दे. आमेन.