तेल आणि भाऊबीज

यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण कळते, हा माझा समज मात्र फार जुना आहे. भाऊबिजेला निमोण्याला ताईकडे निघण्यापूर्वी गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचे तेल मी स्वतःच बदलले. ‘लिमिटेड स्लिपसाठी असलेलेच तेल वापरावे’, असे पुस्तिकेत बजावले होते. मी म्हटले, तेल ते तेल!

शिरूर सोडले आणि प्रत्येक वळणावर मागून कटकट सुरू झाली.

दाजींनी अंगणातूनच ऐकले. “पाव्हणं, साधं तेल घातलं जणू! आमच्या ट्रॅक्टरचे ऑईल ब्रेकसुद्धा चुकीच्या तेलावर ओरडत्यात.”

मग त्यांनी समजावले. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. चिखलात मात्र एकटे चाक गरगरू नये, म्हणून आतल्या चकत्या दोघांना धरून ठेवतात. जीएल-5 तेल दाते सांभाळते. पण चकत्या हळुवार सरकायला त्यात निराळे द्रव्य लागते. ते नसले तर त्या चिकटतात, झटक्याने सुटतात, झिजतात. ते फाजील झाले, तर धरच सुटते.

ताईने ओवाळले. माझ्या खिशात हक्कसोडपत्र होते. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित शेतीत लेकीचा हक्क मुलाइतकाच झाला. तरी बहिणी सोडतातच, असे मी गृहीत धरले होते. ताईने मुकाट्याने सही केलीही असती. कटकट पुढे वळणावर ऐकू आली असती.

कागद मी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी दाजींनी योग्य तेल घालून दिले. परतीची वळणे गाडीने निमूट घेतली.