प्रश्न विचारणारा मुलगा

हैदराबादेतील विद्यानगर या वस्तीत माझ्या आयुष्याची बरीच वर्षे गेली. उस्मानिया विद्यापीठ येथून जवळच आहे. सकाळच्या वेळी पुस्तके घेऊन लगबगीने जाणारी मुले दिसली की मला माझा एक जुना विद्यार्थी आठवतो. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याला ते रुचणार नाही. परंतु त्याने आपल्या शिक्षकाला जो धडा शिकवला, तो वाचकांपुढे ठेवावा असे मनापासून वाटते.

त्याचे कुटुंब मूळचे परभणी जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात आईबाप पोटासाठी हैदराबादेस आले. आजोबा मात्र गावीच राहून आपली कोरडवाहू शेती करीत. मी त्या वेळी शहरातील एका मराठी शाळेत विज्ञान शिकवीत असे. १९७९ साली दिवाळीची सुटी संपवून हा मुलगा आठवीच्या वर्गात आला, तो रुमालात तुरीची फुले बांधूनच. काही निव्वळ पिवळी होती, तर काहींच्या पाकळ्यांवर तांबड्या रेघा होत्या. उभा राहून त्याने विचारले, "सर, आजोबा पिवळ्या फुलांच्याच झाडाचे बी राखून ठेवतात. मग पुढच्या वर्षी त्यातून तांबड्या रेघांची झाडे कशी येतात?"

मला उत्तर ठाऊक नव्हते, आणि तसे सांगण्याचे धैर्यही मला झाले नाही. "हे आपल्या पुस्तकात नाही. खाली बैस," असे मी तुटकपणे म्हणालो. वर्ग हसला. त्याने फुले पुन्हा रुमालात गुंडाळली व तो मुकाट्याने बसला. त्या दिवसानंतर त्याने वर्गात हात वर केला नाही. चाचणीत तो पुस्तकातील वाक्ये जशीच्या तशी उतरवू लागला. त्याचे गुण वाढले, आणि मी मूर्ख, त्यावर समाधान मानीत होतो!

त्याच वर्षी ३० डिसेंबरला पवित्र कुटुंबाचा सण आला. मिस्साच्या वेळी बारा वर्षांच्या येशूचे शुभवर्तमान वाचले गेले. मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून तो बालक त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता. हे वर्णन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण त्या दिवशी प्रथमच मनात आले, की त्या पंडितांनी बाळ येशूला "खाली बैस" म्हटले नाही. माझी मान खाली गेली.

पुढचे काही दिवस मी ग्रंथालयात घालवले. शाळा उघडल्यावर भर वर्गात कबूल केले, की त्या दिवशी मला उत्तर येत नव्हते. मग सांगितले, की तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात, शेजारच्या झाडाचे पराग आणतात, आणि त्यामुळे आईच्या झाडाहून निराळे रोप निपजू शकते. मुलाचे डोळे चमकले. लगेच त्याने विचारले, "मग मधमाशी बसू नये म्हणून काय करावे, सर?" पुढच्या दिवाळीत त्याने आईच्या जुन्या लुगड्याच्या पातळ पिशव्या शिवून आजोबांच्या शेतातील पिवळ्या तुरीच्या कळ्यांवर बांधल्या. ते बी वेगळे राखून पेरले. तो दहावीत असताना ती झाडे फुलली, ती सगळी पिवळी!

परंतु वाट सरळ नव्हती. कॉलेजात सारे शिक्षण इंग्रजीतून होते, आणि १९८४ साली तो इंटरला नापास झाला. वडील म्हणाले, "गुरुजी, आता लई झालं शिक्षण. ह्याला कामाला लावतो."

मी त्यांना नरहर कुरुंदकरांची हकीकत सांगितली. १९३२ साली जन्मलेले कुरुंदकर त्यांच्याच मुलखातले. हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक असलेले डॉ. ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा. अफाट वाचनाचा हा मुलगा इंटरच्या परीक्षेत नापास झाला होता. पण त्याचे वाचन आणि प्रश्न विचारणे थांबले नाही. पुढे तोच नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला, आणि १९८२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. मग मी मठवासी ग्रेगोर मेंडेल यांच्याविषयी सांगितले. १८५० साली ते शिक्षकाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. त्यानंतर मठाच्या बागेत त्यांनी आठ वर्षे वाटाण्याची हजारो झाडे वाढवली व आनुवंशिकतेचे नियम शोधून काढले. त्यांचे मोल जगाला १९०० साली कळले. तोवर त्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.

वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एक साल बघू."

त्या एका वर्षाने सारे बदलले. तो इंटर उत्तीर्ण झाला, राजेंद्रनगरच्या कृषी महाविद्यालयात गेला आणि पुढे तुरीच्याच वाणांवर संशोधन करून डॉक्टर झाला. प्रबंध घेऊन तो विद्यानगरला माझ्या घरी आला. आरंभीच्या आभारात आजोबांचे नाव होते. त्याखाली, "मला ठाऊक नाही असे वर्गात सांगणाऱ्या माझ्या शिक्षकांस," एवढेच लिहिले होते. मला ते वाचताना भरून आले. कारण ते सांगण्यास मी किती आठवडे लावले होते, हे मी विसरलो नव्हतो.

आईबापांनो, आपण फार शिकलेले नसाल. तरी मुलाने काही विचारले तर त्याला दटावू नका. मंदिरात येशूने दिलेले उत्तर पवित्र मरियेलाही त्या वेळी उमगले नव्हते. तिने ते अंतःकरणात जपून ठेवले. आपणही मुलांचे प्रश्न तसेच जपावेत, आणि उत्तर येत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे.