अजून पाच हात

नागपूर

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर पाऊण तास बोललास, पण पोरांविषयी एक वाक्य नाही. सगळं त्या सोन्याच्या कंपनीचं. एका संचालकाने राजीनामा दिला, म्हणजे कुणीतरी मोठा ताबा घेणार. दोन पाहुणे कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या कांड्या, बघून गेले म्हणे, म्हणजे तोच मोठा. महिनाभर बातमी नाही, म्हणजे बातमी जबरदस्त. अरे, राजीनामा, पाहुणे आणि शांतता या तिन्हींचा अर्थ एकच कसा निघतो? बाजारात तुरी!

तू पाठवलेल्या कोअरच्या फोटोत पिवळं चमकतंय ते पायराइट. हिरमुसू नकोस, सोनं बऱ्याचदा त्याच्याच सोबतीला असतं. पण फोटोवरून टनाला किती ग्रॅम ते कळत नाही, आणि कंपनीच्या मथळ्यावरूनही कळेलच असं नाही. ‘60 मीटर, सरासरी 1.2 ग्रॅम’ वाचून तू नाचलास. खालचा तक्ता पाहा. त्यात दोन मीटरची एक शीर 30 ग्रॅमची आहे. सरासरीतला अख्खा एक ग्रॅम तिनेच आणला. उरलेल्या 58 मीटरच्या वाट्याला जेमतेम 0.2. हे खोटं नव्हे. चमचाभर तूप पातेलंभर भातावर पसरलंय, एवढंच.

तुमच्या कॅल्गरीच्याच ब्रे-एक्स कंपनीने काय केलं ते तिथली जुनी माणसं सांगतील. कोअर उभा चिरून अर्धा जपून ठेवायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. इंडोनेशियातल्या बुसांगला त्यांनी बहुतेक कोअर अख्खाच दळला, त्यामुळे पडताळायला फारसं काही उरलंच नाही. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, हे 1997 मध्ये उघड झालं. तुझ्या कंपनीवर मला तसला संशय नाही. खडक चांगलाही असेल.

पण तिच्याकडचे पैसे संपत आलेत, आणि तू नेमकं तेच सोडून सगळं बोलतोस. अशा कंपनीला विक्री नसते, उत्पन्न नसतं. दर हंगामाचं ड्रिलिंग नवे शेअर विकून करायचं. गेल्या वर्षी दहाचा एक शेअर केला तेव्हा 4 सेंटचे 40 झाले आणि तू मला पेढ्यांचा फोटो पाठवलास! तुझे 40,000 शेअर 4,000 झाले होते रे. कंपनीचे पंधरा कोटींचे दीड कोटी झाले, आणि लगेच तीन कोटी नवे शेअर खासगीत विकले. म्हणजे तुझा हिस्सा एक तृतीयांशावर आला. वर त्या खरेदीदारांना वॉरंट, म्हणजे ठरल्या भावाने आणखी शेअर घ्यायची मुभा. भाव जरा वर सरकला की ते विकायला उभे. त्यात डिसेंबरमध्ये तोटा दाखवून कर वाचवणारे वेगळेच.

‘मोठी कंपनी घेईलच’ म्हणतोस. घेतात, नाही असं नाही. लॅब्राडोरमध्ये हिरे शोधायला गेलेल्या दोघांना 1993 मध्ये निकेल सापडलं, ते व्हॉइसीज बे. तीन वर्षांत इन्कोने ते चार अब्ज कॅनेडियन डॉलरहून जास्त देऊन घेतलं. पण तिथेही खाण सुरू व्हायला 2005 उजाडलं. आणि तो साठा असा होता की घेणाऱ्याला थांबणं परवडणारं नव्हतं. तुझ्या कंपनीकडे बघणाऱ्याला मात्र थांबणंच परवडतं. खडक कुठे पळून जात नाही. हिचे पैसे संपले की तोच पट्टा स्वस्तात मिळेल.

मला पुढच्या वेळी भाव सांगू नकोस. शेवटच्या तिमाही हिशेबात बँकेत किती आणि महिन्याचा खर्च किती, हे दोन आकडे सांग. भागाकार मी करते.

बाबांची विहीर आठवते? पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली होती. काळा पाषाण लागला, सुरुंगाला पैसे लागले. ‘अजून पाच हात’ म्हणत आधी बैल गेले, मग आईच्या पाटल्या, मग वावरच विकलं. घेणाऱ्याने सात हात खाली नेली आणि झरा फुटला. बाबांची जागा चुकली नव्हती. त्याच्या हौदावर आपण पाणी प्यायला जायचो, आणि तो भला माणूस तुला वर दोन पेरूही द्यायचा.

पोरांना घेऊन दिवाळीला ये.

तुझी,
ताई