घुमटाखालची मनिऑर्डर

कलकत्त्याला जाणारा मराठी माणूस काय पाहतो हे ठरलेले आहे. कालीघाट, दक्षिणेश्वर, हावड्याचा पूल आणि परतताना संदेशाचे खोके. सौ.ची यादीही हीच होती. माझ्या यादीत मात्र एकच नाव होते, आणि ते ऐकून ती म्हणाली, "जवळजवळ दोन हजार किलोमीटर जाऊन पोस्ट पाहायचे? दादरला काय पोस्ट नाही?"

मी तिला पाकिटातला कागद दाखवला. मनिऑर्डरच्या फॉर्मचा तो खालचा तुकडा. त्याला कूपन म्हणत. पैसे घेणाऱ्याला दोन ओळी लिहिण्याची तेवढीच जागा. माझे वडील तरुणपणी कलकत्त्यास एका कचेरीत कारकून होते आणि दरमहा चिपळूणजवळच्या आमच्या गावी आजीला चाळीस रुपये पाठवीत. १९५७ च्या दिवाळीतले हे कूपन आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडले. वर कलकत्त्याचा गोल शिक्का, आणि खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत: "ती. आईस सा. न. यंदाही रजा नाही. ज्या पोस्टातून हे पैसे पाठवितो त्याचा घुमट आपल्या देवळाची सात शिखरे एकावर एक ठेवावी एवढा उंच आहे. प्रकृतीस जपावे."

वडील कलकत्त्याविषयी कधी बोलले नाहीत. तीन दिवाळ्या ते घरी आले नव्हते एवढेच मला ठाऊक होते.

गंगेखालून जाणाऱ्या नव्या मेट्रोने महाकरण स्टेशनात उतरलो. वर आलो तर समोर जुना डलहौसी स्क्वेअर, आताचा बिनय-बादल-दिनेश बाग; मधोमध लाल दिघी नावाचा तलाव, एका अंगाला रायटर्स बिल्डिंगची लाल भिंत, आणि पश्चिमेला ते पोस्ट. पांढरेशुभ्र. सौ. एकदम गप्प झाली, यावरून वाचकांनी काय ते ओळखावे.

वॉल्टर ग्रॅनव्हिल या वास्तुकाराने हे काम केले. १८६४ साली आरंभ झाला आणि १८६८ साली पोस्ट येथे नांदू लागले. कलकत्त्याचे हायकोर्ट आणि म्युझियमही याच गृहस्थाचे. घुमट सामान्यतः इमारतीच्या मध्यावर असतो. याने तो कोपऱ्यावर बसवला, जेथे दोन रस्ते मिळतात, आणि त्याच्या दोन्ही हातांना पानाफुलांच्या माथ्यांचे उंच खांब ओळीने उभे केले. त्यामुळे चौकातल्या माणसाला इमारत तोंड वळवून सामोरी येते. अष्टकोनी बैठकीवरच्या या घुमटाची उंची २२० फुटांहून अधिक. त्यावरचे घड्याळ मागाहून, १८९६ साली आले.

मुंबईकराला येथे एक फसगत होते. आपले मोठे पोस्ट काळ्या-पिवळ्या दगडाचे, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारे. पण ते १९१३ साली पुरे झाले, तेव्हा व्हिक्टोरिया राणी जाऊन बारा वर्षे लोटली होती. कलकत्त्याचे खरे राणीच्या अमदानीतले. दुरून ते संगमरवरी वाटते. आहेत मात्र विटा, आणि वर गिलावा. गंगेच्या गाळाच्या मुलखात दगड आणायचा कोठून? म्हणूनच असली इमारत जपणे कठीण. दगडाची भिंत पन्नास वर्षे विसरली तरी रागावत नाही. गिलाव्याला दर पावसाळ्यानंतर विचारपूस लागते. एक फट राहिली की पिंपळाचे रोप तिथे बिऱ्हाड करते, आणि मग खांबही पोखरतो.

पूर्वेकडच्या पायऱ्यांवर एक पितळी रेघ आहे. लोक तिच्यावरून तुडवत जातात. जुन्या फोर्ट विल्यमचा आग्नेय बुरूज कोठवर होता हे ती रेघ दाखवते. १७५६ साली सिराजउद्दौल्याने घेतला तोच हा किल्ला. पुढे इंग्रजांनी मैदानावर नवा किल्ला बांधला आणि १८१९ साली हा जुना पाडला. आम्ही वाकून रेघ पाहत होतो तेव्हा एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी "कोठले?" म्हणून विचारले. महाराष्ट्र म्हणताच ते हसले. "म्हणजे बर्गी!" नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांच्या भीतीने १७४२ साली या शहराने स्वतःभोवती मराठा खंदक खणायला घेतला होता. तो पुरा झाला नाही आणि मराठेही तेथवर आले नाहीत. पण बंगाली आया अजून मुलांना बर्गीचे नाव सांगून निजवतात. "या, बर्गी, आत या," म्हणत त्या गृहस्थांनीच आम्हांला घुमटाखाली नेले.

आत वर्तुळाकार दिवाणखाना आणि कडेने खिडक्या. मान वर केली की आवाज आपोआप खाली येतो. संगणक आले, तार १९१३ च्या नव्हे, अगदी परवाच्या २०१३ साली गेली, साधे रजिस्टरही २०२५ साली स्पीड पोस्टात विरघळले. २०२२ पासून इमारतीत एक कॅफेसुद्धा आहे, तेथे सौ.चे मतपरिवर्तन पुरे झाले. पण खिडकीपुढे रांग होती. पेन्शनीतले म्हातारे, पार्सल घेऊन आलेली पोरे, डिंकाने बोटे चिकटलेली एक बाई. असल्या वास्तूंचे हॉटेल करावे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे ते एवढ्यासाठीच. चाळीस रुपये पाठवणाऱ्या कारकुनालाही या घुमटाखाली उभे राहण्याचा हक्क होता. दाराशी कोणी त्याला हटकत नव्हते. तो हक्क गेला की खांब कितीही घासूनपुसून ठेवले, तरी राहील तो नुसता देखावा.

मी एक अंतर्देशीय पत्र घेतले आणि तेथेच उभ्या उभ्या गावी आत्याला लिहिले. खिडकीतल्या बाईंना कूपन दाखवून म्हटले, शिक्का असाच स्वच्छ उठू द्या. त्यांनी कूपन उजेडात धरून पाहिले, शाईची गादी बदलली आणि ठप्पा इतक्या हळुवार दाबला की मागचा माणूस कुरकुरला.

नवव्या दिवशी आत्याचा फोन आला. ती आता ऐंशीला टेकली आहे. "पत्र पोचलं रे. चष्मा सापडेना, म्हणून पोस्टमनकडूनच वाचून घेतलं. तेव्हाही तसंच व्हायचं, आईला कुठे वाचता येत होतं?" मग जरा थांबून म्हणाली, "आईला ते सात शिखरांचं खरं वाटलं नव्हतं. म्हणाली, पोरगं येत नाही आणि वर गमती लिहितं. रडली होती त्या दिवशी."

आमच्या देवळाचे शिखर तीस फुटांचे आहे.

"खरंच सात होतील का रे?" आत्याने विचारले.

"सातांहून थोडी जास्तच," मी म्हणालो.