काढणे आणि टिपणे

छायाचित्राच्या संदर्भात मराठीत दोन क्रियापदे रूढ आहेत. बोलताना आपण फोटो 'काढतो'. लिहिताना, विशेषतः वृत्तपत्रांत, छायाचित्र 'टिपतो'. भाषाविज्ञान शिकविणाऱ्या माणसाला अशा जोड्यांचा नाद असतोच. पिंपळगाव बसवंतसारख्या बाजारपेठेच्या गावात तो नाद अधिकच वाढतो, कारण 'काढणे' हे क्रियापद येथे दिवसभर कानांवर पडत असते. कांदा काढायचा असतो, विहिरीचे पाणी काढायचे असते, म्हशीची धार काढायची असते, सोसायटीचे कर्ज काढायचे असते, लेकराला नजर लागली तर दृष्ट काढायची असते. या बहुतेक प्रयोगांत एक अर्थ समान आहे: जे आत आहे, नजरेआड आहे, ते कष्टाने बाहेर आणणे. फोटो 'काढणे' हा त्याच कुळातील शब्दप्रयोग आहे, हे मला पुस्तकांनी नव्हे, आमच्या गावातील एका छायाचित्रकाराने शिकविले.

त्यांना सारे गाव 'भाऊ' म्हणते. बाजाररस्त्यावर त्यांचा छोटा स्टुडिओ आहे आणि आमचा परिचय आता तीस वर्षांचा झाला आहे. त्यांचे वर्ष पंचांगाने चालते आणि बाजारभावानेही. तुळशीचे लग्न लागले की त्यांची धावपळ सुरू होते, ती वैशाखाअखेरपर्यंत. द्राक्षाला भाव मिळाला की अल्बमची पाने वाढतात. गारपीट झाली की तोच अल्बम निम्म्यावर येतो आणि उधारीची वही जाड होते. जूनमध्ये विद्यार्थ्यांची रांग लागते. पांढऱ्या पडद्यासमोर एक स्टूल, दोन दिवे, आणि पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरच्या चौकटीत बसवायचा एक चेहरा. एखादे वयस्कर शेतकरी डोक्यावरची टोपी उतरवायला तयार नसतात. भाऊ त्यांच्याशी वाद घालीत नाहीत. "बाबा, टोपी राहू द्या, फक्त थोडी मागं सरकवा, कपाळ दिसू द्या," एवढेच म्हणतात. समोरच्याचा मान राखून त्याला स्थिर बसविणे हे त्यांच्या कामाचे पहिले अंग आहे.

लग्नात हे काम कठीण होते. हळदीपासून पाठवणीपर्यंत बारा-चौदा तास उभे राहावे लागते. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात. तो क्षण 'पुन्हा एकदा करा' असे कोणाला सांगता येत नाही. पंगती उठत असतात, परंतु छायाचित्रकाराचे जेवण सर्वांत शेवटी, तेही एका हाताने कॅमेऱ्याची बॅग धरून. रोलच्या काळात तर हिशेब आणखी काटेकोर होता. 120 क्रमांकाच्या रोलवर चौकोनी आकाराचे बारा फोटो निघत. चार रोल म्हणजे अठ्ठेचाळीस फोटो, आणि तेवढ्यात सारे लग्न बसवायचे. "कोणती आत्या रुसेल हे ज्याला आधी कळत नाही, त्यानं लग्नाचं काम घेऊ नये," हे भाऊंचे वाक्य मला नातेसंबंधांवरील एखाद्या प्रबंधाइतके वजनदार वाटते.

हा व्यवसाय आपल्या भूमीत नवा नाही. 1839 मध्ये पॅरिसमध्ये दगेर यांची छायाचित्रण-पद्धती जाहीर झाली. 1854 मध्ये मुंबईत छायाचित्रणाला वाहिलेली संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तिच्या कार्यात भाग घेतला. आमच्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी व्यावसायिक छायाचित्रकार होते. गोध्र्याला त्यांनी हा धंदा केला. पुढे बडोद्यात कॅमेऱ्यामुळे माणसाची शक्ती शोषली जाते, या लोकसमजुतीने त्यांच्या व्यवसायाला अडथळा केला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. 1912 मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्रचौकटीने टिपून पडद्यावर दाखविली. दाण्यातून कोंब निघावा तसे चित्रातून जीवन निघू शकते, याची ती साक्ष होती.

असा कोंब मी भाऊंच्या डार्करूममध्ये पाहिला. फिल्म धुताना तेथे पूर्ण अंधार लागे. कागदावर प्रत करताना मात्र मंद लाल दिवा चाले, कारण कृष्णधवल छपाईच्या त्या कागदाला लाल प्रकाशाची बाधा होत नसे. कोरा कागद डेव्हलपरच्या तबकात पडे. काही क्षण काहीच घडत नसे. मग केसांची काळी कड, भुवया, डोळे असे एकेक वर येई. शेवटी हायपोच्या द्रावणात चित्र कायम होई. 'फोटोग्राफी' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील 'प्रकाश' आणि 'लेखन' आहे. आपण मात्र 'छायाचित्र' म्हणताना सावलीला मान दिला. त्या लाल उजेडात दोन्ही शब्द सारखेच खरे वाटत.

माझ्या आईचा एकुलता एक स्वतंत्र फोटो याच स्टुडिओतला आहे. कोणत्याशा अर्जासाठी तो काढावा लागला होता. एरवी ती नेहमी समूहात, मागच्या रांगेत, पदर पुढे ओढून, कडेवर कोणाचे तरी मूल घेऊन उभी असे. ती गेल्यावर आम्हांला भिंतीवर लावण्यासाठी तोच फोटो मिळाला. अनेक घरांत तेवढाही नसतो. घरात दुःख झाले की मुलगा लग्नाचा जुना ग्रुप फोटो घेऊन भाऊंकडे येतो आणि म्हणतो, "यातून आमच्या वडिलांना काढून द्या." जन्मभर चारचौघांत उभा राहिलेला माणूस हार घालण्यापुरता प्रथमच एकटा होतो. भाऊ ते काम दहाव्याच्या आत करून देतात आणि अशा वेळी पैशांचा विषय स्वतःहून काढीत नाहीत.

अलीकडे त्यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. स्टुडिओची इमारत जुनी झाली. मालकाला ती पाडून नवी बांधायची आहे. माळ्यावर निगेटिव्हचे खोके आहेत. ते ठेवण्यास नव्या जागेत सोय नाही. फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो, म्हणून भंगारवाला ते वजनावर घ्यायला तयार आहे. "सर, द्यायचं तर एका दिवसात रिकामं होईल," भाऊ म्हणाले, "पण उद्या कोणी वडिलांना शोधत आलं, तर काय सांगू?"

आम्ही दोघांनी काही रविवार ते खोके चाळले. प्रत्येक पाकिटावर एक क्रमांक होता आणि तो क्रमांक नोंदवहीत होता: तारीख, आडनाव, गाव, 'थोरली सून', 'धाकटे चुलते' अशा खुणा. ज्या वर्षांच्या वह्या शाबूत होत्या, त्या वर्षांचे चेहरे लगेच ओळखू आले. काही वह्या मात्र छत गळून भिजल्या आणि वाळवीने खाल्ल्या. त्या वर्षांची निगेटिव्ह उत्तम अवस्थेत आहेत, तरी त्यांतील माणसे अनोळखी झाली आहेत. अर्थ विसरला गेलेला शब्द पोथीत जसा नुसता अक्षरांनी उरतो, तसे ते चेहरे उरले आहेत. नोंद असलेले खोके भाऊंनी घरी नेले. बिननावाच्या खोक्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे.

तेव्हा मला दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ उमगला. पाखरू दाणे टिपते ते एकेक करून. कारकून टिपण ठेवतो ते पुढे उपयोगी पडावे म्हणून. छायाचित्रकार फोटो काढतो आणि त्याची नोंद टिपून ठेवतो, तेव्हाच त्याचे काम पूर्ण होते. आज काढण्याचे काम प्रत्येकाच्या हातातील मोबाईल करतो, आणि ते चांगलेच आहे. माझ्या आईच्या पिढीला जे मिळाले नाही, ते आजच्या मायबहिणींना सहज मिळते. टिपण्याचे काम मात्र कोणाकडेच उरलेले नाही. हजारो फोटोंमध्ये कोण कोणाचे, हे आज आपल्याला ठाऊक आहे म्हणून आपण लिहीत नाही.

वाचकहो, घरातील जुने फोटो एकदा खाली काढा. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवा आणि तिला विचारून प्रत्येक फोटोच्या मागे नाव, नाते, गाव आणि साल लिहा. मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका, कारण सांगणारी माणसे फोटोंहून लवकर जातात.